बाईंना भेट द्यायची तर मुलांच्या हातची द्या, आपल्या हातची नको

शिक्षकांना काही द्यायचंच असेल तर ते मुलाने स्वतः केलेलं असावं, घरातल्या मोठ्या माणसाने त्याला हात लावू नये, आणि हे शाळेने जूनमध्येच सर्क्युलरमध्ये लिहून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. नवी मुंबईत, कोपरखैरण्यात आमच्या पालकांमध्ये हे बोललं की दोन्हीकडून लोक तुटून पडतात. काहींचं म्हणणं असतं, एवढं काय त्यात, प्रेमाने देतो आपण, त्याला कसले नियम. आणि काहींचं म्हणणं की गिफ्टबिफ्ट सगळं बंदच करून टाका, कटकट नको. मला दोन्ही पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी हा विषय ऑगस्टच्या शेवटी, ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाच्या तोंडावर निघतो, तेव्हा घाईत काहीतरी ठरतं आणि पुढच्या वर्षी परत तेच.

तो आठवडा कसा असतो बघा. गणपतीची गडबड असते, यंदा आधी की नंतर एवढाच प्रश्न. २०२५ ला तर २७ ऑगस्टला गणपती बसले आणि शिक्षक दिन बरोबर अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आला, म्हणजे घरात पाहुणे, मखर, आरत्या आणि त्यात पालकांच्या ग्रुपवर मेसेज, की क्लास टीचरसाठी कॉन्ट्री काढूया, अमुक रुपये जीपे करा, ज्यांनी केले त्यांनी नावापुढे टिक करा. ती टिक करायची यादी सगळ्यांना दिसते. कोण राहिलंय ते सगळ्यांना दिसतं. ज्या घरात महिनाअखेर ओढाताण असते तिथली आई ती यादी दिवसातून किती वेळा उघडून बघत असेल याचा विचार टिक करणाऱ्याला येतच नाही. आणि हे एकदाच असतं असंही नाही, गुरुपौर्णिमा आहे, दिवाळी आहे, टीचरचा बर्थडे आहे, वर्षाच्या शेवटी निरोप आहे. आणि ग्रुपची भेट झाली तरी काही जण स्वतःची वेगळी आणतातच, मग ते बघून उरलेल्यांनाही वाटतं की आपण नाही नेलं तर बरं दिसणार नाही.

आता यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत हॅण्डमेडचा आग्रह सुरू झालाय, आणि विचार चांगलाच आहे, पण तो हळूहळू भलतीकडे गेलाय. म्हणजे हॅण्डमेड म्हणून मुलं जे घेऊन येतात त्यात दोनच प्रकार जास्त दिसतात. एक, इन्स्टाग्रामवरून मागवलेलं: रेझिनची फ्रेम, क्रोशाचं सूर्यफूल, नाव कोरलेला पेनस्टॅण्ड, वासाची मेणबत्ती. दुसरा, आईने रात्री मुलं झोपल्यावर ग्लू गन घेऊन बसून केलेलं. पहिल्यात मुलाचा संबंध फक्त पिशवी वर्गापर्यंत नेण्याचा, आणि दुसऱ्यात तर आई बिचारी दिवसभर ऑफिस करून, ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी झेलून आलेली असते, तिला अजून एक ड्युटी लागते आणि मुलाला म्हटलं जातं, हात लावू नको, बिघडेल. हे वाक्य मी किती घरांमध्ये ऐकलंय. ज्याच्या बाईंसाठी चाललंय त्यालाच हात लावायला बंदी.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, घरातून या वस्तू करून विकणाऱ्या बायकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. खारघर, घोडबंदर, डोंबिवली, कुठेही बघा, कितीतरी जणी असं करून स्वतःचे चार पैसे कमावतायत आणि त्यांचं काम सुंदर असतं. त्यांच्याकडून राखी घ्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण घ्या, घर सजवायला घ्या, बेलापूरच्या अर्बन हाटला जाऊन कारागिरांकडून घ्या आणि घासाघीस न करता घ्या. आपल्या या भागातली सगळ्यात मोठी हातकला म्हणजे वारली चित्रं, डहाणू तलासरीचा तो सगळा पट्टा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, त्याच वर्षी पालघर वेगळा झाला आणि त्याच वर्षी वारली चित्रकलेला जीआय टॅगही, म्हणजे ही कला याच भागातली अशी कायदेशीर ओळख मिळाली. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेलं खरं चित्र ज्याने काढलंय त्याला पूर्ण पैसे देऊन घेतलं तर मला आनंदच आहे. पण ती खरेदी आहे, आणि मोठ्या माणसांनी केलेली खरेदी मुलाच्या नावाने वर्गात गेली की किमतीची तुलना होणारच, मग ती वस्तू मॉलमधली असो की कारागिराची.

आमच्या भागातल्या एका साध्या वर्गाचा विचार करा. कोपरखैरणे, घणसोलीला माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत, वाशीच्या एपीएमसीत पोती वाहणाऱ्या माणसांची मुलं शाळेत आहेत, त्याच बाकावर ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मॅनेजर असलेल्याचा मुलगा आहे, शेजारी गावठाणातल्या आगरी घरातली मुलगी आहे जिच्या घरच्यांची जमीन नवी मुंबई वसवताना सिडको या सरकारी कंपनीने घेतली, आणि खाजगी विनाअनुदानित शाळा असेल तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर आलेली मुलंही आहेत. कायद्याने या मुलांना एका वर्गात बसवलं, ही फार मोठी गोष्ट झालीय आणि ती सहज झालेली नाही. फी सरकार भरतं, पण शिक्षक दिनाची कॉन्ट्री सरकार भरत नाही. मुलांना युनिफॉर्म एकच का असतो, तर कपड्यावरून घर कळू नये म्हणून. आणि मग ५ सप्टेंबरला टेबलावर ज्या पिशव्या रांगेने ठेवल्या जातात त्यावरून नेमकं तेच कळतं, सगळ्या वर्गाला एकाच वेळी कळतं, आणि मुलांना किमती आपल्यापेक्षा जास्त कळतात, तिसरीतल्या मुलाला विचारा कुठली बॉटल केवढ्याची आहे, तो बरोबर सांगेल.

यावर लोक म्हणतात की बाई काय भेट बघून मार्क देतात का. नाही देत. बहुतेक शिक्षक अतिशय सरळ असतात, माझी सख्खी धाकटी बहीण ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला एका शाळेत दुसरीला शिकवते, तिच्याबरोबरच्या बाया मी जवळून बघते, त्या भेटीवरून मूल तोलत नाहीत. पण ज्याच्या हातात मुलाचं प्रगतिपुस्तक आहे त्याला देताना देणाऱ्याच्या मनात काहीच नसतं असं आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो का? आणि दुसऱ्या पालकाला त्यातून काय वाटतं? वार्षिक संमेलनात कुणाला मेन रोल मिळाला की लगेच कुजबूज सुरू होते, त्यांनी दिवाळीला काय दिलं होतं आठवतं ना. ती कुजबूज खोटी असेल, पण ती बाईंच्या अंगाला चिकटते आणि ज्या मुलीने खरंच मेहनत करून रोल मिळवला तिलाही चिकटते. कायद्याने हा धोका ओळखलेला आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये शिक्षकांना खाजगी शिकवण्या घ्यायला मनाई आहे, त्यामागे विचार हाच असणार की वर्गात ज्याला सगळे सारखे असायला हवेत त्याचा एखाद्याच घराशी पैशाचा व्यवहार नको. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत, त्यात भेटवस्तू स्वीकारण्याबद्दल वेगळा नियम आहे. खाजगी शाळांमध्ये मात्र प्रत्यक्षात प्रिन्सिपल काय म्हणतील त्यावर चालतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते काहीच म्हणत नाहीत.

मग सगळं बंदच का नको? दक्षिण कोरियात असं बऱ्यापैकी करून झालंय. तिथे पालकांनी शिक्षकांना पैशाची पाकिटं द्यायची जुनी खोड होती, सप्टेंबर २०१६ पासून तिथे भ्रष्टाचाराविरुद्ध एक कडक कायदा लागू झाला, त्यात शिक्षकही येतात. त्यांचा शिक्षक दिन १५ मेला असतो आणि त्या दिवशी शिक्षकांना कार्नेशनचं फूल द्यायची प्रथा आहे, तर कायद्यानंतर एकेकट्या मुलाने ते एक फूल देणंसुद्धा बसेना, वर्गाच्या प्रतिनिधीने सगळ्यांच्या देखत दिलं तर चालेल असा अर्थ तिथल्या सरकारी यंत्रणेने लावला. त्यांच्याकडे पाकिटांचा रोग तेवढा असेल, त्यांना ते औषध लागलं असेल. पण आपल्याकडे सहा वर्षांच्या पोरीला बाईंसाठी काहीतरी करावंसं वाटलं आणि आपण म्हणालो की नको, चालत नाही, तर तिला आपण नक्की काय शिकवलं? देण्याची इच्छा ही मुलात आपोआप येते, ती फार चांगली गोष्ट आहे, ती मारून टाकू नये. तिच्यातून पैसा काढून घ्यावा एवढंच.

आणि मुलाने खरंच स्वतः केलेल्या वस्तूचा जो उपयोग आहे तो कुणी लक्षातच घेत नाही, तो मला बहिणीमुळे कळला. ती मुलांच्या हातची कार्डं घरी आणून टेबलावर पसरते आणि त्या कार्डांकडे ज्या नजरेने बघते ती नजर आपल्यासारख्यांची नाही. एका कार्डाची कड सगळी फाटल्यासारखी कापलेली होती, मी म्हटलं घाई केली असेल, ती म्हणाली नाही, हा डावखुरा आहे आणि घरी उजव्या हाताची कात्री वापरतोय, तिची पाती डाव्या हातात कागद कापण्याऐवजी दुमडतात. लिहिताना तो उजवा हात वापरतो म्हणे, म्हणजे बहुतेक कुणीतरी सवय लावलीय. हे तिला तीन महिन्यांत वहीवरून कळलं नव्हतं, कार्डावरून कळलं. तिथून पुढे ती त्याच्या घरच्यांशी बोलली. दुसरं एक पोरगं, वहीत एक ओळ लिहायला सांगितलं तर रडवेलं होणारं, त्याने तिच्यासाठी चार ओळी लिहून आणल्या होत्या, सगळे ऱ्हस्वदीर्घ आपल्या मनाचे, जोडाक्षरं फोडून, पण चार ओळी. तिला त्या दिवशी समजलं की याला लिहिता येतंय, याला लाल पेनाची भीती वाटतेय. मग तिने काही दिवस त्याच्या वहीत लाल पेन वापरलंच नाही.

पहिली दुसरीच्या मुलाला गोल कापताना हात न फिरवता दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो हे जमायला वेळ लागतो, ते ज्याला जमलंय त्याचं अक्षरही बहुधा सुटसुटीत व्हायला लागलेलं असतं, असं तिचं निरीक्षण आहे. तर मुलाच्या हातचं काम म्हणजे बाईंसाठी मुलाबद्दलची माहिती असते. आईने केलेल्या गुळगुळीत फ्रेममधून बाईंना काय कळणार, आईचा हात चांगला आहे एवढंच. आणि मुलं काही लपवत नाहीत हो, ती देतानाच सांगून टाकतात, टीचर, हे मम्मीने केलंय.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात याच्यावर केवढं मोठं काम झालंय ते आपल्याला माहीतही नसतं, म्हणून इथे थोडी थांबते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महाग लाकडी साधनं आदिवासी पाड्यावरच्या मुलांसाठी आणणार कुठून, तर त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं, माती, जे आजूबाजूला पडलेलं आहे तेच शिक्षणाचं साहित्य केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखायला जातात तर कुरणावर नेली. ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालं, अनुताईंना नंतर पद्मश्री. त्यांनी दाखवून दिलं की मुलाच्या हाताला काम द्यायला बाजारात जावं लागत नाही, आणि मुलाने हाताने केलेल्या गोष्टीला शिक्षणात किंमत आहे. त्याही आधी, १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तीसुद्धा हातकामातून शिक्षण म्हणूनच. आणि आज? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, हाताने काम शिकायला, असं लिहिलंय. कागदावर सगळं आहे. आणि प्रत्यक्षात स्टेशनजवळच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणून मुलाचं नाव चिकटवून जमा होतायत. अशा वेळी निदान बाईंच्या भेटीत तरी मुलाचा हात खरा असू दे.

मुलं काय करू शकतात याबद्दल पालकांना फार शंका असते, म्हणून हे जरा बोलते, कारण आपण मुलाला भलतंच अवघड काम देतो आणि मग त्याला जमत नाही म्हणून स्वतः हातात घेतो. सीनियर केजीतल्या मुलाला कात्री नकोच, घोटीव कागद हाताने फाडून मैद्याच्या खळीने चिकटवू दे, भेंडी आडवी कापून द्या, पोस्टर कलरमध्ये बुडवून ठसे मारले की फुलं उमटतात, झालं कार्ड. दुसरी तिसरीत बोथट सुई चालते, मॅटीच्या कापडावर धावदोरा घालता येतो, वाकडातिकडा का होईना पण बुकमार्क होतो. चौथी पाचवीत जुन्या सुती कापडाचे दोनचार थर एकत्र शिवून डस्टर होतं, आणि फळ्यावर शिकवणाऱ्या बाईंना त्याचा रोज उपयोग आहे, शाळेकडून मिळणारं डस्टर कसं असतं ते त्यांना विचारा. सातवी आठवीची मुलं तर काय वाटेल ते करू शकतात, पण त्यांना लाज वाटायला लागलेली असते, त्यांच्याकडून एक पत्र आलं तरी खूप आहे. फेविकॉलने खूप काही चिकटवायचं असेल तर आपल्याकडचा ऑगस्ट महिना लक्षात घ्या, पावसात काही वाळत नाही, आदल्या रात्री चिकटवलेलं सकाळी दप्तरात सुटतं आणि मूल रडतं. फुलंपानं दाबायची असतील तर रोज कागद बदलावा लागतो नाहीतर बुरशी येते. म्हणून दोन आठवडे आधी सुरू करा, रोज पंधरा मिनिटं, एका रात्रीत नको.

थर्माकोल मात्र नकोच. २०१८ मध्ये राज्य सरकारने बंदी आणली, २०२२ च्या जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे, आणि तरी दुकानात मिळतंय म्हणून मुलांच्या हातात आपण देतो. चकमक म्हणजे ते ग्लिटर, तेही बारीक केलेलं प्लॅस्टिकच आहे, धुतल्यावर नाल्यातून सरळ खाडीत जातं, आणि आपली खाडी आधीच कमी का सोसतेय.

सगळ्या मुलांना हस्तकला आवडते असं नाही हेही मला मान्य आहे. काही मुलांच्या हाताला खरंच त्रास असतो, काहींना गोंदाचा चिकट स्पर्शच सहन होत नाही. त्यांनी एक गाणं म्हणावं, एक कोडं तयार करून आणावं, एक महिना फळा पुसायचं काम घ्यावं. मूल स्वतः जे देऊ शकतं ते द्यावं, वस्तूच पाहिजे असं कुठे आहे. आणि ज्याला काहीच द्यायचं नाही त्याला नाही म्हणायची मोकळीक हवी. बाई आवडत नसतील तर नसतील आवडत, त्याचा तो हक्क आहे.

आता खरा जोरदार मुद्दा, जो मला एका मैत्रिणीने ऐकवला, ती स्वतः प्रीस्कूलला शिकवते. ती म्हणाली, तू म्हणतेस ते ऐकायला छान आहे, पण वर्गातल्या पस्तीस मुलांची पस्तीस कार्डं मी वन रूम किचनमध्ये ठेवू कुठे, आणि मला जो पगार मिळतो त्यात पालकांनी सगळ्यांनी मिळून एखादा चांगला कुकर दिला तर मला त्याचा जास्त उपयोग आहे, तू माझ्या तोंडचा कुकर काढून घेतेस. मला याचं उत्तर लगेच सुचलं नाही आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला, कारण ती खोटं काहीच बोलत नव्हती. छोट्या खाजगी शाळांमध्ये आणि प्लेग्रुपमध्ये शिकवणाऱ्या बायकांना जे पगार मिळतात ते सांगायची लाज वाटावी असे असतात, आणि त्यांच्या हातात आपण आपली सगळ्यात लहान मुलं दिलेली असतात.

पण मला शेवटी असं वाटतं की पगार कमी आहे याचं उत्तर कुकर नाही. कुकर दिला की आपल्याला बरं वाटतं आणि संस्थाचालकांचं ओझं हलकं होतं, म्हणजे त्यांनी जे द्यायला हवं ते पालक थोडं थोडं करून वर्षातून एकदा देतात आणि तेही ज्या बाई जास्त आवडतात त्यांनाच. पीटीच्या सरांना कोण कुकर देतं? शाळेच्या बाबतीत पालकांच्या हातात याहून मोठं हत्यार आहे. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, त्यात शाळेने फीचा प्रस्ताव पालक शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि फी ठरवताना ज्या गोष्टी बघायच्या त्यात शिक्षकांचे पगारही येतात. म्हणजे फी वाढवताय तर त्यातलं किती बाईंच्या पगारात जाणार हे विचारायची जागा आपल्याला कायद्याने दिलेली आहे. त्या समितीत जायला कुणी तयार नसतं, नावं गोळा करायला बाईंनाच मागे लागावं लागतं, आणि कॉन्ट्री गोळा करायला मात्र दहा जणी पुढे. प्लेग्रुपची परिस्थिती वेगळी आणि अजून वाईट आहे, तिथे पालकांना विचारायला अशी समितीही दिसत नाही, पण तिथेही वीस पालकांनी मिळून मालकांना विचारलं की आमच्या बाईंना तुम्ही काय देता, तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. कार्डं ठेवायची कुठे या प्रश्नावर माझ्या बहिणीचं सरळ उत्तर आहे, सगळी ठेवायची नाहीत, वाचायची, मुलाशी त्यावर बोलायचं, वर्गाच्या भिंतीवर दिवाळीपर्यंत लावायची आणि मग मुलांना परत द्यायची. मुलांना परत मिळालेलं आवडतं, असं ती सांगते.

घरी करून घेण्याबद्दल वर लिहिलं ते शाळा स्वतः काही करत नाही तोवर, पण शाळांनी काय करावं हे तसं सोपं आहे. घरून काही आणायचंच नाही, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कार्यानुभवाचा किंवा चित्रकलेचा तास त्यासाठी द्या, शाळेतच, सगळ्यांना तोच कार्डशीट, तेच रंग, तोच दोरा. आईबाबा तिथे नाहीत त्यामुळे मदतीचा प्रश्न नाही, विकत आणायचा प्रश्न नाही, आणि माथाडीचा पोरगा आणि मॅनेजरचा पोरगा एकाच डब्यातल्या रंगात ब्रश बुडवतायत. वेळ नाही, पोर्शन राहतो असं शाळा म्हणतील, पण त्याच आठवड्यात शिक्षक दिनाच्या डान्सची प्रॅक्टिस कितीतरी तास चाललेली असते. देताना स्टेजवर बोलवून फोटो काढत देणं नको, वर्गात एक खोकं ठेवा, ज्याला जे टाकायचं ते टाकू दे. घरून आलेली विकतची वस्तू बाईंनी हसून परत पाठवावी आणि त्यांना तसं करता यावं म्हणून सर्क्युलर प्रिन्सिपलच्या सहीचं हवं, कारण आज बाई परत पाठवायला गेल्या तर पालक दुखावतात आणि ते बाईंवर येतं.

आणि भेट फक्त क्लास टीचरलाच का, हेही मला मुलांना विचारायला लावायचंय. केजीतल्या मुलांना बाथरूमला नेणाऱ्या मावशी असतात, उलटी झाली तर साफ करतात, कपडे बदलतात, त्यांना शिक्षक दिनाला कुणी काही देत नाही. शिपाई मामा असतात, व्हॅनचे काका असतात जे तुर्भ्याच्या ट्रॅफिकमधून रोज मुलांना सुखरूप आणतात. शाळेतल्या त्या तासाला मुलांना सांगावं की कुणासाठी करायचं ते तुम्ही ठरवा, बघा किती कार्डं मावशींना जातात. गेल्या वर्षीच्या बाई, ज्या आता दुसऱ्या शाळेत गेल्या किंवा रिटायर झाल्या, त्यांना पोस्टकार्ड टाकता येतं, पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, आणि पोस्टात जाऊन ते विकत घेणं, पत्ता लिहिणं, पिनकोड टाकणं हे नवी मुंबईतल्या बऱ्याच मुलांनी एकदाही केलेलं नाही.

आमच्या शाळेच्या पुढच्या पालक सभेत मी हे मांडणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी आपापल्या शाळेत मांडा, पण ऑगस्टच्या शेवटी नको, तोपर्यंत पैसे गोळा व्हायला लागलेले असतात आणि कुणी ऐकण्याच्या मूडमध्ये नसतं. जूनच्या पहिल्या सभेत मांडा, आणि मांडताना पालक शिक्षक संघाच्या समितीसाठी स्वतःचं नावही द्या.